शुश्रूषेचें घर आणि भांडवल

भांडवलाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार गिरण्या, आगगाड्या, खाणी आणि पेढ्या यांविषयीं विपुल लिहितात. परंतु म्हाताऱ्या माणसाचें घर हाही भांडवलाच्या व्यापाराचा एक फार जुना विषय आहे, याकडे त्यांचें लक्ष क्वचितच जातें. आज तें जाणें अगत्याचें झालें आहे. आपल्या देशांत २०११ च्या जनगणनेच्या वेळीं साठ वर्षांवरील स्त्रीपुरुषांची संख्या दहा कोटींहून अधिक भरली. कर्तीं मुलें परगांवीं किंवा परदेशीं गेलेलीं, आजारी माणसाजवळ बसावयास घरांत कोणी नाहीं, आणि हातीं मात्र निवृत्तीच्या वेळीं मिळालेली पुंजी आहे, अशीं कुटुंबें शहरोशहरीं दिसूं लागलीं. त्यांच्यापुढें दोन प्रश्न एकदमच उभे राहतात: म्हातारपणीं राहावें कोठें, आणि पुंजी गुंतवावी कोठें? वृद्धनिवास बांधणारे व्यापारी या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देतात. वृद्धांची संख्या वाढत जाणार हें निश्चित. तेव्हां त्यांच्यासाठीं बांधलेल्या घरांत पैसा घाला, तो बुडण्याचें भय नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

हा युक्तिवाद थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. परंतु इतिहासाची साक्ष काढली तर ती निराळी पडते. गिऱ्हाईक पुष्कळ असूनही हीं घरें बुडालीं आहेत. आणि बहुधा घराचा हिशेब व शुश्रूषेचा हिशेब यांची फारकत झाल्यानंतर बुडालीं आहेत. ही फारकत कशी होते, हें दाखविणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अमेरिकेंत असिस्टेड लिव्हिंग या नांवानें जी व्यवस्था प्रसिद्ध आहे तिला आम्हीं येथें साहाय्यनिवास म्हणतों. अशा ठिकाणीं राहणारा मनुष्य रोगी नसतो, पण पूर्णपणें स्वावलंबीही नसतो. स्नान, कपडे, औषधाची वेळ, रात्रीं उठणें यांपैकीं कांहीं गोष्टींत त्याला दुसऱ्याचा हात लागतो. म्हणून तेथें दोन वस्तूंची विक्री होते. एक वस्तु म्हणजे खोली. ती स्थावर मिळकत आहे; तिला बाजारभाव असतो, ती विकली जाते, गहाण पडते, तिच्यावर कर्ज निघतें. दुसरी वस्तु म्हणजे परिचारिकेचें लक्ष. तें साठवून ठेवतां येत नाहीं, गहाण टाकतां येत नाहीं, आणि त्याची प्रत बाहेरून दिसतही नाहीं. मालक बदलला तरी भिंत तीच राहते. पण सेवकांची संख्या वा मजुरी छाटली कीं शुश्रूषा तीच राहत नाहीं. या साध्या भेदावर पुढील सारा इतिहास उभा आहे.

या व्यापाराचा एक जुना आणि स्पष्ट नमुना मध्ययुगीन इंग्लंडांतील मठांत सांपडतो. उतारवयाची काळजी असलेला मनुष्य मठास एकरकमी पैसा किंवा जमिनीचा तुकडा देई, आणि मठ त्याला आमरण अन्न पुरविण्याचा लेख करून देई. रोज किती पाव, किती यवसुरा, स्वयंपाकघरांतील कोणता पदार्थ, हें त्या लेखांत नेमून दिलेलें असे. कोठें कोठें खोली, सरपण आणि मेणबत्त्याही असत. या हक्काला कॉरोडी म्हणत. आपल्याकडील वर्षासनाशीं त्याचें थोडें साम्य आहे. परंतु वर्षासन हें दान असे, कॉरोडी बहुधा विकत घ्यावी लागे. राजेही आपल्या थकलेल्या चाकरांचे असे हक्क मठांवर लादीत, तो भाग निराळा.

विकत घेणारा लवकर वारला तर मठाचा लाभ, दीर्घायुषी निघाला तर मठाचा तोटा, असा हा सौदा होता. सुव्यवस्थित मठाला तो पेलत असे. कारण अनेक लेखांत एकाचा तोटा दुसऱ्यानें भरून निघे. पण कर्जांत रुतलेले मठ आजची निकड भागविण्यासाठीं उद्यांचें अन्न विकूं लागले. रोख रक्कम देणेकऱ्यांच्या हातीं जाई, आणि पाव व यवसुरा देण्याचें बंधन मात्र वर्षानुवर्षें मागें उरे. मठांच्या तपासणीस येणारे बिशप परवानगीवांचून कॉरोडी विकूं नका, अशी ताकीद पुनःपुन्हां देत. ती पुनःपुन्हां द्यावी लागे यांतच सर्व आलें. पुढें १५३६ पासून १५४० पर्यंत आठव्या हेन्रीनें मठ मोडले, तेव्हां या हक्कदारांचे दावे ऑग्मेंटेशन्स नांवाच्या न्यायालयापुढें आले व अनेकांना रोख वेतन मंजूर झालें. कायद्यानें त्यांचा हक्क पाळला. परंतु पंगतींत बसवून वाढणारें स्वयंपाकघर कोणालाही परत मिळालें नाहीं. हक्क रोख रकमेंत बदलतां येतो, शेजार बदलतां येत नाहीं, ही गोष्ट येथें प्रथम नोंदवून ठेवूं.

फ्रान्समध्यें अशाच सौद्याचें एक रूप अद्यापि कायदेशीर आहे. त्यास व्हियाजे म्हणतात. घराचा वृद्ध मालक आपलें घर विकतो, पण बहुधा मरेपर्यंत तेथेंच राहतो, आणि विकत घेणारा त्याला आमरण मासिक रक्कम देतो. १९६५ सालीं आर्ल येथील आंद्रे-फ्रांस्वा राफ्रे या वकिलानें नव्वद वर्षांच्या झान काल्मां या बाईशीं असा करार केला व दरमहा २५०० फ्रँक देण्याचें मान्य केलें. त्या वेळीं त्याचें वय सत्तेचाळीस होतें. तीस वर्षें पैसे भरून १९९५ सालीं तो वारला. तोंवर त्यानें घराच्या किमतीच्या दुपटीहून अधिक रक्कम दिलेली होती. पुढें त्याच्या विधवेस हप्ते द्यावे लागले, आणि १९९७ सालीं बाई वारल्या तेव्हां त्यांचें वय १२२ वर्षांचें नोंदलें गेलें. ही गोष्ट लोक हंसण्यासाठीं सांगतात. पण तिच्या पोटांत एक गंभीर तत्त्व आहे. कॉरोडी असो वा व्हियाजे असो, ज्यानें पैसा गुंतविला किंवा अन्न देण्याचें पत्करलें, त्याचें हित समोरच्या माणसाच्या आयुष्याच्या उलट बाजूस असतें. राफ्रेच्या हातीं त्या बाईची शुश्रूषा नव्हती, म्हणून कथा विनोदी राहिली. शुश्रूषाही त्याच माणसाच्या हातीं असती तर?

या फेऱ्यांतून सुटण्याचा एक मार्ग दात्यांनीं शोधला. ऑग्सबुर्गचा धनाढ्य सावकार याकोब फुगर यानें १५२१ सालीं आपल्या गांवच्या गरजू कॅथॉलिक लोकांसाठीं फुगराय नांवाची वसाहत करून दिली. तेथें केवळ वृद्धच राहतात असें नाहीं. पण तिची आर्थिक रचना आपल्या विषयास उपयोगी आहे. वर्षाचें भाडें एक ऱ्हाइनी गुल्डन ठरलें; आजही तें नाममात्र, एका युरोहून कमी आहे, आणि दात्यासाठीं रोज तीन प्रार्थना म्हणाव्या लागतात. दुसऱ्या महायुद्धांतील बाँबवर्षावानंतर वसाहत पुन्हां बांधावी लागली, तरी संस्था पांचशें वर्षें टिकून आहे. याचें कारण असें कीं, तिचें भांडवल त्या घरांत गुंतलेलें नाहीं. तें मुख्यतः अरण्यांत व अन्य मिळकतींत आहे. घरानें उत्पन्न द्यावें अशी अपेक्षाच नाहीं. उलट उत्पन्न बाहेरून घराकडे येतें. परंतु फुगरसारखे दाते शतकांतून एखादे निपजतात. कोट्यवधि वृद्धांची सोय दानधर्मावर व्हावयाची नाहीं. तेथें भांडवल येणारच. प्रश्न तें कोणत्या अटींवर येतें हा आहे.

तें कसें आलें याचा विस्तृत वृत्तांत अमेरिकेच्या इतिहासांत मिळतो. एकोणिसाव्या शतकांत तेथील निराधार वृद्धांना सार्वजनिक दरिद्रगृहाचा आश्रय घ्यावा लागे, आणि त्या गृहांची अपकीर्ति मोठी होती. १९३५ सालच्या सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्यानें गरीब वृद्धांना रोख साहाय्य देण्याची योजना आणली. पण सार्वजनिक संस्थेंत राहणाऱ्यास तें मिळूं नये असें कलम त्यांत घातलें. हेतु हा कीं, दरिद्रगृहें ओस पडावीं आणि म्हातारा मनुष्य आपल्या घरीं सुखानें राहावा. परंतु जो अंथरुणाला खिळला होता त्याला घरीं पाहणार कोण? त्याच्या हातीं आतां दरमहा पैसा होता, पण सरकारी गृहांत राहून तो घेतां येत नव्हता. अर्थात् खाजगी घरांनीं दार उघडलें. कोणा विधवेनें मोठ्या घरांतील चार खोल्या वृद्धांना दिल्या, कोणा निवृत्त परिचारिकेनें जुना वाडा घेतला. एका कलमानें असा एक नवा धंदा जन्मास घातला. १९५० सालीं तें कलम सैल करण्यांत आलें व अशा घरांना परवाने देण्याची व्यवस्था राज्यांनीं करावी असें ठरलें, तोंवर हा धंदा रुजला होता.

यानंतर तो स्थावर मिळकतीचा धंदा होत गेला. १९५९ च्या गृहनिर्माण कायद्यानें खाजगी शुश्रूषागृहांच्या बांधकामासाठीं घेतलेल्या कर्जास सरकारी हमी मिळाली. १९६० सालीं स्थावर मिळकतींचे सामायिक न्यास कायद्यानें मान्य झाले. त्यांच्या द्वारें सामान्य मनुष्यासही थोड्या पैशांत मोठ्या इमारतींच्या भाड्याचा वांटेकरी होतां येऊं लागलें. आज आपल्याकडेही परिचित झालेल्या रीट या नांवाचें मूळ तेथें आहे. १९६५ सालीं मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन योजनांनीं शुश्रूषेचें बिल सरकारनें भरण्यास आरंभ केला. बिल खर्चाच्या मानानें मिळे, आणि खर्चांत इमारतीचा घसारा व कर्जाचें व्याज हीं धरलीं जात. चतुर मालकांनीं यांतील मर्म तत्काळ ओळखलें. एकानें घर दुसऱ्यास चढ्या भावानें विकावें, दुसऱ्यानें त्या चढ्या किमतीवर घसारा आणि व्याज मागावें, आणि कांहीं वर्षांनीं तिसऱ्यास विकावें. खाटेवरच्या माणसास या व्यवहारांत अधिक दूध मिळालें नाहीं कीं त्याची चादर अधिक वेळां बदलली गेली नाहीं. परंतु त्याच्या नांवावर निघणारी रक्कम वाढत राहिली. मेरी ॲडलेड मेंडेलसन यांनीं १९७४ सालच्या आपल्या ग्रंथांत या धंद्याची लक्तरें वेशीवर टांगलीं, आणि १९८४ सालीं मालक बदलला म्हणून किंमत वाढवून मागण्यास कायद्यानें आळा घातला गेला. घराचा हिशेब शुश्रूषेपासून सुटला म्हणजे काय होतें, त्याचें हें पहिलें मोठें उदाहरण.

याच काळांत एका मुलीच्या मनांत याविरुद्ध कल्पना घोळत होती. केरन ब्राउन विल्सन हिच्या आईला पंचावन्नाव्या वर्षीं अर्धांगाचा झटका आला व पुढें तिला शुश्रूषागृहांत राहावें लागलें. माझें स्वतःचें दार, स्वतःचें स्वयंपाकघर, स्वतःचीं चार भांडींकुंडीं मला कां मिळूं नयेत, हा त्या आईचा प्रश्न होता. मुलगी वार्धक्यशास्त्राची अभ्यासक झाली, आणि १९८३ सालीं तिनें व तिच्या नवऱ्यानें ऑरेगन राज्यांतील पोर्टलंड येथें पार्क प्लेस नांवाचें घर उघडलें. त्यांत ११२ बिऱ्हाडें होतीं. प्रत्येकाच्या दाराला आंतून कुलूप होतें. खोलींत फर्निचर ज्याचें त्याचें, जेवणाची वेळ ज्याची त्याची, मांजर पाळावयाचें तर तेंही. मात्र लागेल तेव्हां मदतीस माणूस हजर. अशा स्वातंत्र्यानें हीं माणसें पडतील, आजारी होतील, असें टीकाकार म्हणत. राज्यानें राहणाऱ्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवविलें. १९८८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते असे, कीं प्रकृति ढासळली तर नाहींच, उलट शरीराची व बुद्धीची शक्ति सुधारली, औदासीन्य कमी झालें, आणि सरकारी मदतीवर असलेल्यांचा खर्च शुश्रूषागृहाहून वीस टक्क्यांनीं कमी आला.

हें वृत्त डॉ. अतुल गावंडे यांनीं २०१४ सालच्या ‘बीइंग मॉर्टल’ या ग्रंथांत सविस्तर दिलें आहे. मराठी वाचकास तो ग्रंथ जवळचा वाटावा असें दुसरेंही कारण त्यांत आहे. ग्रंथकाराचे वडील महाराष्ट्रांतील उटी या खेड्यांतले. आणि त्याचे आजोबा तेथेंच, मुलानातवंडांच्या मेळ्यांत, शंभरी ओलांडून बरींच वर्षें जगले व शेवटपर्यंत आपल्या शेतावर नजर ठेवून होते. उटीच्या त्या घरांत मिळकत आणि शुश्रूषा यांचा हिशेब एकाच चुलीवर होत असे. मात्र अशा घराचें स्मरणरंजन करतांना, तेथील शुश्रूषेचा भार सुनांवर विनावेतन पडे, हेंही विसरूं नये. तो भार आतां कोणी फुकट उचलणार नाहीं, आणि उचलावा अशी अपेक्षा करणेंही न्याय्य नाहीं. म्हणूनच तर पोर्टलंडच्या प्रयोगाचें महत्त्व.

परंतु त्या प्रयोगाचें पुढें काय झालें? कल्पना यशस्वी ठरतांच भांडवल धांवलें. १९९० नंतरच्या दशकांत अशीं घरें झपाट्यानें उभीं राहिलीं. विल्सनबाईंनीं उभारलेल्या कंपनीचे भागही १९९४ सालीं बाजारांत आले. बाजाराला वाढ हवी होती. गांवोगांव घरें इतकीं झालीं कीं खोल्या रिकाम्या पडूं लागल्या, कर्ज मात्र रिकामें बसत नाहीं. २००१ सालीं त्या कंपनीस दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. वृद्धांची संख्या वाढत होती ना? होय, वाढत होती. पण वृद्ध मनुष्य घर सोडण्याचा निर्णय फार उशीरा घेतो, आणि तो ज्या गांवचा असतो त्याच गांवीं राहूं इच्छितो. देशाच्या जनगणनेवरून एका गल्लींतील खोल्या भरत नसतात.

याहून बोधप्रद उदाहरण इंग्लंडचें. तेथील सदर्न क्रॉस ही कंपनी वृद्धगृहें चालविणारी सर्वांत मोठी संस्था बनली होती. तिच्या वाढीची युक्ति अशी: गृह विकत घ्यावें, त्याची इमारत जमीनदार कंपनीस विकावी, आणि तीच इमारत दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें परत घेऊन तेथें धंदा चालवावा. विक्रीच्या पैशांतून पुढचें गृह येई. २००६ सालीं तिचे भाग लंडनच्या बाजारांत विक्रीस आले. भाडेपट्ट्यांत भाडें दरवर्षीं वाढत जाईल, उतरणार नाहीं, अशी अट होती. उत्पन्न मात्र नगरपालिकांच्या हातीं होतें. त्यांनीं काटकसर आरंभिली, रुग्ण पाठविणें कमी केलें, खाटा रिकाम्या राहूं लागल्या. एकीकडे चढतें भाडें, दुसरीकडे उतरतें उत्पन्न. मध्यें लवचीक अशी एकच वस्तु उरली, ती म्हणजे शुश्रूषा. २०११ सालीं कंपनी कोसळली तेव्हां सुमारें साडेसातशें गृहांत एकतीस हजार वृद्ध राहत होते. गृहें दुसऱ्या चालकांकडे सोंपविण्यांत आलीं. परंतु कित्येक महिने हजारों कुटुंबांना आपल्या आईवडिलांची खाट उद्यां कोठें असेल हें ठाऊक नव्हतें. यानंतर २०१४ च्या कायद्यानें मोठ्या चालकांच्या आर्थिक स्थितीवर देखरेख ठेवण्याचें काम सरकारी निरीक्षक मंडळाकडे आलें. तोंवर निरीक्षक चादरी आणि औषधें तपाशीत. आतां त्यांना भाडेपट्टाही तपासावा लागतो.

अमेरिकेंतही २०२१ सालीं कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं खाजगी भांडवली निधींनीं विकत घेतलेल्या शुश्रूषागृहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्पकाळ तेथें राहणाऱ्या रुग्णांचें मृत्युप्रमाण अशा खरेदीनंतर सुमारें दहा टक्क्यांनीं वाढलें, प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या परिचारिका घटल्या, आणि भाडें, व्याज व व्यवस्थापन-शुल्क या वाटांनीं पैसा गृहाबाहेर गेला, असें त्यांना आढळलें. कर्जांत बुडालेल्या मठाचीच ही कथा आहे. फक्त यवसुरेच्या जागीं भाडेपट्टा आला.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्या कायद्यानें २००७ सालीं ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीं जें विधान केलें, त्यांतील तेविसावें कलम या दृष्टीनें फार अर्थपूर्ण आहे. आपला सांभाळ करावा या अटीवर वृद्धानें मिळकत कोणास दिली, आणि घेणाऱ्यानें सांभाळ केला नाहीं, तर तें हस्तांतर न्यायाधिकरणास रद्द ठरवितां येतें. मिळकत व शुश्रूषा एकमेकींस बांधून ठेवावीं, हेंच तत्त्व येथें मान्य झालें आहे. मात्र तें मुख्यतः कुटुंबाच्या अंगणांत. बाजाराच्या अंगणांत अजून तेवढी गांठ पडलेली नाहीं. महाराष्ट्रांत स्थावर मिळकतींच्या नियामक प्राधिकरणानें २०२४ सालीं ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठीं नियम केले, हें स्वागतार्ह आहे. चाकांची खुर्ची मावेल असा पाळणा, उतार, जिने, प्रकाश, सुरक्षितता यांची त्यांत तरतूद आहे. पण हे नियम मुख्यतः इमारतीचे आहेत. रात्रीं दोन वाजतां घंटा वाजविली असतां कोण येईल, आणि दहा वर्षांनींही येईल काय, याचें उत्तर इमारतीच्या नकाशांत असत नाहीं.

जो मध्यमवर्गीय गृहस्थ या क्षेत्रांत प्रथमच पाऊल टाकूं पाहतो, त्यानें मुळींच टाकूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. चांगलीं घरें हवीं आहेत, आणि तीं भांडवलावांचून होणार नाहींत. पण त्यानें व्याजाचा दर विचारण्यापूर्वीं कांहीं निराळे प्रश्न विचारावे. इमारतीचा मालक आणि सेवा देणारा एकच आहे कीं दोघे? दोघे असतील तर त्यांच्यांतील भाडें उत्पन्नाबरोबर उतरूं शकतें काय, कीं तें केवळ चढतेंच? ठेव म्हणून घेतलेली रक्कम शुश्रूषेसाठीं राखून ठेवली आहे, कीं पुढच्या इमारतीच्या पायांत गेली? चौथा हिस्सा खोल्या रिकाम्या राहिल्या तर आधीं काय कमी होईल, भागधारकाचा नफा कीं परिचारिकेची संख्या? आणि चालक बुडाला तर राहणाऱ्यांस दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा कोण देईल? ज्या योजनेंत भांडवलानें प्रथम तोटा सोसावयाचा आणि शुश्रूषेनें शेवटीं, तेथें पैसा घालण्यास हरकत नाहीं. तेथें लाभ बेताचा मिळेल. जेथें याच्या उलट लिहिलेलें आहे, तेथें लाभाचा आंकडा मोठा दिसतो, आणि तो कोणाच्या ताटांतून आलेला असतो हें वरील इतिहासावरून उघड आहे. गुंतवणूक करणारा मनुष्य आज पन्नाशीचा असेल. पंचवीस-तीस वर्षांनीं त्याच घरांतील खोलींत तो स्वतः राहावयास येण्याचा संभव आहे. करारावर सही करतांना त्यानें तो भाडेकऱ्याच्या नजरेनेंही एकदां वाचावा.